धूर होतो, की कोणी करतो?

सातवीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य मी आजवर किती वेळा वाचलं असेल याची मोजदाद नाही. 'वाढती वाहने व कारखाने यांमुळे हवेचे प्रदूषण होते.' त्याखाली उपाय: झाडे लावावीत, फटाके उडवू नयेत, सायकल वापरावी. दोन पैकी दोन गुण. उत्तरात चूक नाही, त्यामुळे लाल शाईला काम उरत नाही. पण विज्ञानाच्या जोडीनं मी काही वर्षं मराठीही शिकवलं आहे, आणि त्या सवयीनं वाक्यातला कर्ता शोधायला गेलो की हात अडतो. व्याकरणानं पाहिलं तर इथं कर्ता 'प्रदूषण'च आहे. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात गुन्हाच उभा आणि गुन्हा करणाऱ्याचा पत्ता नाही. पाऊस होतो, थंडी होते, तसं प्रदूषण होतं.

सहावी ते आठवीच्या मुलांना हवा आणि आरोग्य शिकवायचं असेल तर हा हरवलेला कर्ता आधी वाक्यात परत आणला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. धूर कुठून आला, किती आला, कोणाच्या छातीत गेला आणि तो अडवणं कोणाचं काम होतं? हे प्रश्न ज्या धड्यात नाहीत तो सुविचारांच्या फळ्यावर शोभेल, विज्ञानाच्या तासाला नाही.

मी चंद्रपुरात शिकवतो. इथल्या पोरांना धूर दाखवायला चित्राची गरज पडत नाही. २९२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र (गावात त्याला नुसतं 'थर्मल' म्हणतात), भोवताली कोळशाच्या खाणी, रात्रंदिवस धावणारे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. दहावी-बारावीत जिल्हा कधी असा वर आला असता तर मिरवणूक निघाली असती. 'तुमच्याकडे हवा कशी आहे' असं वर्गात विचारलं की हात वर करायचीही कोणाला गरज वाटत नाही. 'सर, आमच्या घरी तं दोन टाइम पुसा लागते.' 'सर, कपडे वाळू घातले का काळे होते.' आणि हीच पोरं परीक्षेच्या कागदावर 'प्रदूषण होते' असं लिहून मोकळी होतात. घरचं ज्ञान घरी, शाळेचं शाळेत. मधला दरवाजा आम्हीच लावून घेतलेला आहे.

विषय अभ्यासक्रमात नाही अशी तक्रार कोणी करू शकत नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९९१ मध्येच शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. सक्ती झाली, धडे आले, प्रकल्पवह्या आल्या. प्रकल्पवह्यांत स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं आली. त्यातल्या एका चित्रावर माझा विशेष राग आहे. वीजकेंद्राचे ते कंबर आत गेलेले जाड मनोरे, आणि त्यांतून निघणारा काळाकुट्ट धूर. त्या मनोऱ्यांतून निघते ती वाफ. पाणी थंड करायचे मनोरे ते. जळलेल्या कोळशाचे वायू शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून जातात आणि चिमणीवरची यंत्रं नीट चालू असली तर ते डोळ्यांना फारसे दिसतही नाहीत. सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो. थर्मलच्या सावलीत वाढणाऱ्या मुलानं वाफेला धूर म्हणावं आणि धुराला ओळखू नये, ही आमच्या शिकवण्याची परीक्षा, आणि त्यात आम्ही नापास आहोत.

याच वयात का, हा प्रश्न रास्त आहे. चौथीत 'स्वच्छ हवा, निरोगी शरीर' झालेलं असतं, दहावीत पुन्हा सगळं येणारच असतं. पण अकरा ते पंधरा ही फुप्फुसं झपाट्यानं वाढायची वर्षं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावांमधल्या मुलांची फुप्फुसं संशोधकांनी वयाच्या दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत दरवर्षी मोजली. २००४ साली निष्कर्ष छापून आले. सूक्ष्म कणांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या गावात, अठराव्या वर्षी फुप्फुसाची क्षमता वैद्यकीयदृष्ट्या कमी असलेल्या मुलांचं प्रमाण सर्वांत स्वच्छ गावाच्या सुमारे पाचपट होतं. त्या वयानंतर फुप्फुस फारसं वाढत नाही. राहिलेली कसर राहूनच जाते. याच अभ्यासाचा पुढचा भाग २०१५ मध्ये आला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. मधल्या काळात तिथली हवा कायद्यांमुळे सुधारत गेली होती, आणि नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं ११ ते १५ या वयात आधीच्यांपेक्षा चांगली वाढली. कायदा झाला आणि छाती रुंदावली, असा सरळ हिशेब विज्ञानात क्वचित मिळतो. वर्गात पहिला निष्कर्ष सांगितला तर दुसरा सांगितल्याशिवाय तास संपवू नये.

शरीराची बाजू शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, मनगटी घड्याळ पुरतं. जोड्या करायच्या, एकानं दुसऱ्याचे मिनिटभरातले श्वास मोजायचे. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून यायचं आणि पुन्हा मोजायचे. आकडा दुपटीच्या आसपास जातो, शिवाय प्रत्येक श्वास खोल होतो, तोंड उघडं पडतं आणि नाकातली गाळणी वगळून हवा थेट आत जाते. त्यात वजनाच्या मानानं मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. एवढं झालं की पोरं आपण होऊनच विचारतात, 'मग सर, आपली पीटी सकाळी काहून असते?' या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

आकड्यांचा तास मात्र मला सर्वांत आवडतो. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून आपल्याकडे आहे. 'समीर' या सरकारी अॅपवर तो कोणालाही फुकट पाहता येतो. मुलांना वाटतं, सगळ्या प्रदूषकांची सरासरी काढून हा आकडा येत असेल. तसं नाही. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक निघतो आणि त्यातला सर्वांत वाईट तोच अंतिम. एका विषयात नापास तो नापास, असं म्हटलं की लगेच कळतं. मग आम्ही एक खेळ करतो. हवेच्या एका घनमीटरमध्ये पीएम २.५ हे कण ६० मायक्रोग्रॅम आहेत असं धरा. कणाचा आकार केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिस्स्याएवढा. वायुकोशांपर्यंत पोचणारा आणि त्यातला काही रक्तातही उतरणारा. आपल्या निर्देशांकात ६० म्हणजे १००, शेरा 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकेच्या मोजपट्टीत घातली की आकडा १५० च्या वर जातो आणि शेरा येतो 'आरोग्याला अपायकारक'. मोबाइलवरची परदेशी अॅप्स बहुधा ती दुसरी पट्टी वापरतात, म्हणून घरात दोन फोनांवर दोन आकडे दिसतात आणि 'सगळं खोटंच असतं' असा निकाल वडीलधारे देऊन टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य तर चोवीस तासांना १५ आहे. वर्षाची सरासरी ५ च्या आत असावी असं ती सांगते. आपलं वर्षाचं मानक ४०.

एकच हवा, शेरे तीन. प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' हा शेरा कोणाच्या वाट्याला येतो, हे सातवीतल्या पोराला चांगलं ठाऊक असतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, 'म्हणजे सर, पेपर सोपा काढला का पास होते.' मी हसलो, पण तो बरोबर जागी पोचला होता. मानक निसर्गातून खाली पडत नाही, माणसं बसून ते ठरवतात. ठरवताना फुप्फुसाकडे पाहतात, खर्चाकडे पाहतात, जमेल का याकडेही पाहतात. आपल्या देशानं ४० का ठरवलं असेल याची बाजूही वर्गात मांडून घ्यावी. दोन्ही बाजूंनी बोलायला लावावं. नागरिकशास्त्र याहून वेगळं काय असतं?

आता अवघड भाग. कर्ता शोधायला निघालं की तो दर वेळी दूरच्या चिमणीत सापडतो असं नाही. तो घरातही सापडतो. आमच्या भागात पुष्कळ घरांत अजून कोळशाची सिगडी पेटते. संध्याकाळी अंगणात ती पेटवून धूर निघून जाईपर्यंत बाहेर ठेवतात, मग आत नेतात. तो धूर वस्तीत खालीच राहतो. सिलिंडर आहे, पण तो भरून आणणं परवडत नाही, आणि कोळसा स्वस्तात मिळतो. वर्गात 'घरातील धुराचे दुष्परिणाम' हा मथळा फळ्यावर लिहिला की काही मुलं मान खाली घालतात. मी हे पाहिलं आहे, आणि त्याला कारण मीच होतो. पहिल्या वर्षी मी उत्साहानं 'आपल्या घरात किती धूर होतो ते नोंदवा' असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. ती भांडली नाही. म्हणाली, 'गुरुजी, पोरगी म्हणते, आई, तू आम्हाला मारून राहिली.' त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून गृहपाठाचा क्रम मी बदलला. आधी सिगडी पेटवणारीच्या छातीत सर्वांत जास्त धूर जातो, हे शिकायचं. मग सिलिंडरचा भाव, घरात लागणारे सिलिंडर, महिन्याची मजुरी, असं गणित. ते एकदा फळ्यावर मांडलं की सिगडीचा कर्ता आईपाशी थांबत नाही, तो पुढे सरकतो. ज्या गावचा कोळसा जळून दूरदूरचे दिवे लागतात, त्या गावातल्या बाईला स्वयंपाकाला स्वच्छ इंधन परवडत नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला कळतं. त्याच्यावर मला भाषण करावं लागत नाही.

तीच गोष्ट बापाच्या नोकरीची. वर्गात निम्म्या पोरांचे वडील खाणीत, थर्मलमध्ये, नाहीतर ट्रकवर. अशा वर्गात 'कारखाने बंद करा' हे वाक्य उद्धटपणाचं आहे, शिवाय ते खोटंही आहे, कारण वर्गातला पंखा त्याच विजेवर फिरतो. वीजकेंद्र असावं की नसावं हा सातवीचा प्रश्न नव्हे. असलेल्या केंद्रानं नियम पाळला का, हा मात्र सातवीचाच प्रश्न आहे, कारण तो वेळापत्रकाचा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं देशभरच्या औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली, मुदत दोन वर्षांची. मुदत संपली, वाढवली. पुन्हा संपली, पुन्हा वाढवली. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर काढायची यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक मुळात कमी, यंत्रणा महाग, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. त्यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि तो खरा वाद आहे. पण दहा वर्षं गृहपाठ न करता शेवटी गृहपाठच रद्द करून घेणाऱ्या मुलाबद्दल वर्गाचं मत काय असेल, हे शिक्षकाला विचारावं लागत नाही.

यावर मला नेहमी ऐकवतात: मुलांच्या डोक्यात राजकारण घालू नका. गंमत अशी की 'फटाके उडवणार नाही' अशी शपथ दिवाळीआधी परिपाठात देताना हे कोणाला राजकारण वाटत नाही. म्हणजे कर्ता लहान मूल असेल तर ते संस्कार, मोठं माणूस असेल तर राजकारण. फटाक्यांच्या शपथेला माझा विरोध नाही. दिवाळीच्या त्या दोन रात्री हवा खरोखर वाईट होते. पण उरलेल्या तीनशे साठ दिवसांचं काय? झाडांचंही तसंच. झाडं लावावीत, सावलीसाठी, पाखरांसाठी, चंद्रपूरच्या मे महिन्यासाठी तर लावावीतच. पण चार रोपं लावल्यानं ट्रकचा धूर भरून निघतो अशी मुलांची समजूत करून देणं म्हणजे त्यांना खोटी पावती देणं.

धुराला कायद्याची भाषा लावणं ही काही कालपरवाची टूम नाही, हेही इतिहासाच्या तासाला सांगता येतं. गिरण्यांच्या चिमण्यांसाठी मुंबईत १९१२ सालीच धूर उपद्रव कायदा झाला होता. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांच्या काळ्या धुक्यानं हजारो माणसं गेली आणि १९५६ मध्ये ब्रिटनला स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. त्याच लंडनमध्ये एला नावाची नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ साली गेली. आईनं वर्षानुवर्षं लढा दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाचं नाव अधिकृतपणे लागलं. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. ही गोष्ट मी सहावीला सांगत नाही, वर्गात दमा असलेली मुलं असतात. शिक्षकांना मात्र आवर्जून सांगतो, कारण दाखल्यावर कारण लिहून घ्यायलाच एका आईला सात वर्षं लागली.

भीतीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. नुसते आकडे सांगून पोरांना घाबरवणं सोपं असतं, आणि घाबरलेलं मूल एकतर रडतं नाहीतर कान बंद करतं. यावर मला तरी एकच उतारा सापडला आहे, हाताला काम देणं. आलेखाच्या कागदावर चार चौकोन आखून एकात २० टक्के घरं काळी करायची, दुसऱ्यात ४०, मग ६०, मग ८०. कागद भिंतीवर लावून लांबून पाहिला की करड्या रंगाच्या चार छटा दिसतात. चिमणीतल्या धुराचा काळेपणा जगभर अशाच कार्डानं मोजत आले. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती काढली. टक्केवारीचा धडा झाला आणि मोजायचं साधनही तयार.

दुसरा प्रयोग पांढऱ्या पुठ्ठ्यावर व्हॅसलीन चोपडून पाच ठिकाणी आठवडाभर टांगायचा. फाटकाशी, वर्गात, स्वयंपाकघरात, गच्चीवर आणि रस्त्याच्या वळणावर. भिंगातून मोजणी करताना पोरं देहभान विसरतात. पण त्यांना तिथंच सांगायला हवं की या पुठ्ठ्यावर जी धूळ दिसते ती मोठी धूळ. खरा त्रास देणारे कण भिंगातून दिसतच नाहीत. मग हा प्रयोग कशाला केला? यावर एकदा पूर्ण तास गेला, भाग पुढे सरकला नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. आपल्या साधनाला काय दिसत नाही हे ओळखणं, याला मी विज्ञान म्हणतो.

शिक्षकांवर आणखी ओझं नको, हा आक्षेप मी स्वतःच करीन. मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती. म्हणून नवा विषय नको, नवी वही नको, 'हवा सप्ताह' तर मुळीच नको. सरासरी गणितात आहे, फुप्फुसं विज्ञानात आहेत, कायदा नागरिकशास्त्रात आहे, कर्ता मराठीत आहे. सगळं हातात आहे, फक्त गावच्या हवेशी जोडायचं राहिलं आहे.

आणि आता ती पीटी. हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं, रात्रभराचा धूर खालीच कोंडून राहतो. ऊन तापलं की झाकण उठतं. डिसेंबर-जानेवारीत नेमक्या त्या कोंडलेल्या वेळेला आम्ही पोरांना मैदानावर पळवतो आणि 'खोल श्वास घ्या' असं वर सांगतो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठी. हवेची आठवण कोणाला झाली नव्हती, पण फायदा होऊन गेला. मोठ्या वर्गांचं काय, हे पोरांनी विचारलं, तेव्हा आठ दिवसांचे सकाळचे आणि दुपारचे आकडे घेऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला लागतं.' पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपुरती पीटी पाचव्या तासाला गेली. मैदानावरचा पालापाचोळा जाळायचा नाही, झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, हेही ठरलं. पाणी शिंपडायचं काम वाढलं म्हणून झाडणाऱ्या मावशी माझ्यावर अजून नाराज आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

मागच्या महिन्यात 'माझ्या घराजवळची हवा' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलानं सहाच लिहिल्या: 'संध्याकाळी साडेसहाला आजीनं सिगडी पेटवली. वीस मिनिटं धूर होता. मी ओट्यावर बसून ट्रक मोजले. एका तासात एकतीस कोळशाचे ट्रक गेले. नऊ ट्रकवाल्यांनी ताडपत्री लावली नव्हती. वडिलांच्या ट्रकला होती.'

'संध्याकाळी'मधला अनुस्वार भलत्याच अक्षरावर होता. तो दुरुस्त केला आणि खाली लिहिलं, 'त्या नऊ ट्रकांना फाटकातून तसंच बाहेर कोणी सोडलं?'